मारी ड्रेसलर साठीनंतर स्टार कशी झाली?

प्रश्न : नमस्कार ताई, मागच्या रविवारी मुलाने मला 'डिनर अॅट एट' (१९३३) लावून दिला. बसले होते जीन हार्लोला बघायला, पण डोक्यात राहिली ती मारी ड्रेसलर, ती जाडजूड म्हातारी नटी. नंतर कळलं की ही बाई आधी व्हॉडव्हिलमध्ये लोकांना हसवायची, चॅप्लिनबरोबरही होती. मग मधे कुठे गेली, आणि साठी उलटल्यावर एकदम एवढी मोठी कशी झाली? नशीबच म्हणायचं ना? आणि व्हॉडव्हिल म्हणजे आपल्या तमाशासारखंच काही का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचं पत्र वाचून इतकं बरं वाटलं, माझ्या फार जवळची नटी आहे ही.

आधी तमाशाचं सांगते. तमाशात गण, गवळण, वग अशी चौकट असते आणि एकच फड सगळं रंगवतो. व्हॉडव्हिलमध्ये तसं नसायचं, एका तिकिटात आठ-दहा सुटे आयटम, आधी कसरतवाले, मग गाणारी, मग जादूगार, शिकवलेली कुत्री, मग एखादी विनोदी बाई, एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही आणि प्रत्येकाच्या वाट्याला दहा-पंधरा मिनिटं. माईक नाही. तेवढ्या वेळात शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोचायचं, आणि हे दिवसातून दोन-दोनदा. ड्रेसलर या आणि ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या थिएटरांतल्या, संगीत नाटकांच्या तालमीत तयार झाली, हे लक्षात ठेवा कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

जन्म १८६८चा, कॅनडातल्या ओंटारिओमधल्या कोबर्ग गावचा, खरं नाव लैला मारी कर्बर. वडील संगीत शिकवायचे, कडक स्वभावाचे. चौदाव्या वर्षी ही घर सोडून फिरत्या नाटक कंपनीत गेली, आडनाव लावलं मावशी-आत्यांपैकी एकीचं कारण घरचं नाव नाटकात चालणार नव्हतं. तिला गंभीर भूमिका करायच्या होत्या, पण उंच आणि धिप्पाड बाईला तेव्हा कोण देणार त्या, लोक सांगायचे तू हसव. तिने हसवलं. १८९६ला 'द लेडी स्लेव्ही'ने नाव झालं, मग लंडनही गाजवलं, आणि तिथेच स्वतःची निर्मिती करायला गेली ती आपटली आणि कर्ज घेऊन परत आली. १९१०मध्ये 'टिलीज नाइटमेअर' हे नाटक तुफान चाललं, त्यातल्याच टिलीला घेऊन विनोदी मूकपट काढणाऱ्या मॅक सेनेटने १९१४मध्ये 'टिलीज पंक्चर्ड रोमान्स' काढला. तुम्ही 'चॅप्लिनबरोबरही होती' म्हणता, पण त्या सिनेमाची स्टार ड्रेसलर होती, चॅप्लिन तिच्या हाताखाली होता, तेव्हा तो नवाच होता की. सहा रिळांचा होता तो, पूर्ण लांबीची पहिली विनोदी फिल्म म्हणून आजही त्याचंच नाव घेतात.

आता मधे कुठे गेली ते. १९१९मध्ये न्यूयॉर्कच्या नटांनी संप केला, तेव्हा कोरसमधल्या, म्हणजे मागे समूहात नाचणाऱ्या-गाणाऱ्या, मुलींची अवस्था अशी की तालमींचे आठवडेच्या आठवडे एक पैसा मिळायचा नाही आणि बूट-मोजे स्वतःच्या खिशातून घ्यायचे. ड्रेसलर पन्नाशीची, नावाजलेली, तिला या मुलींसाठी रस्त्यावर यायची काही गरज नव्हती. ती आली, त्यांच्या कोरस इक्विटी संघटनेची पहिली अध्यक्ष झाली. संप जिंकला. पण थिएटर मालकांना अशी बाई कशी आवडेल, त्यात वय वाढलेलं, रंगभूमीवर तरुण मुलींच्या झगमगीत नाच-गाण्यांच्या कार्यक्रमांचा (रिव्ह्यू म्हणतात त्यांना) जमाना आलेला, आणि विसाच्या दशकात तिला काम मिळणंच जवळजवळ बंद झालं. मला विचाराल तर तिच्या सगळ्या करिअरमधलं सगळ्यात मोठं काम हे संपाचंच.

मग फ्रान्सिस मॅरियन. ही एमजीएम या हॉलिवूडच्या बड्या स्टुडिओची मोठी पटकथाकार, पण कधीकाळी सॅन फ्रान्सिस्कोत धडपडणारी तरुण वार्ताहर होती आणि तेव्हा ड्रेसलरने तिला मुलाखत देऊन हात दिला होता. मॅरियनने ते विसरलं नाही, तिच्यासाठी खास रोल लिहून १९२७मध्ये स्टुडिओत आणलं. तो पहिला सिनेमा आयरिश लोकांच्या विरोधामुळे मागे घ्यावा लागला, तरी ती टिकली, कारण तेवढ्यात बोलपट आले आणि मूकपटातल्या कितीतरी स्टार आवाजासाठी घाबरलेल्या असताना हिचा आवाज चाळीस वर्षं थिएटरात तापलेला. १९३०च्या 'अॅना ख्रिस्ती'त मूकपटांची मोठी स्टार ग्रेटा गार्बो पहिल्यांदा बोलणार म्हणून सगळं जग बघायला आलं, आणि दारूच्या गुत्त्यात गार्बोसमोर बसलेली ती बंदरावरची दारुडी म्हातारी बघून लोक विचारायला लागले ही कोण. त्याच वर्षी 'मिन अँड बिल' आला, पुन्हा मॅरियननेच लिहिलेला. धक्क्यावर खानावळ चालवणारी, दुसरीने टाकून दिलेली पोर वाढवणारी मिन. शेवटी पोरीचं लग्न होऊन बोट निघते, इकडे मिनला पोलीस घेऊन चाललेत, आणि तिच्या चेहऱ्यावर आनंद आहे. त्या एका चेहऱ्यासाठी १० नोव्हेंबर १९३१ला ऑस्कर मिळालं, त्रेसष्टाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, स्पर्धेत समोर मार्लीन डिट्रिश आणि नॉर्मा शिअरर असताना.

आणि तुम्ही पाहिलेल्या सिनेमाचा शेवट पुन्हा लावा. हार्लो सहज म्हणते की ती पुस्तक वाचत होती, आणि ड्रेसलर चालता चालता अख्ख्या अंगाने अडखळते. शब्द नंतर येतो, आधी पाऊल, मग खांदे, मग मान. दोन-तीन सेकंद. माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचायची सवय ती हीच, फक्त आता कॅमेरा जवळ आहे म्हणून मापात. त्यामुळे मॅरियनसारखी मैत्रीण भेटली हे नशीब म्हणा हवं तर, पण ते अडखळणं नशिबाने येत नाही हो.

प्रश्न : कॅरेक्टर रोल करणाऱ्या बाईला बघायला लोक खरंच तिकीट काढायचे का, की हे नंतर रंगवलेलं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : काढायचे. अमेरिकेतल्या थिएटरवाल्यांकडून दरवर्षी विचारलं जायचं की कोणामुळे तुमचा गल्ला भरतो, क्विग्लीची पाहणी म्हणतात तिला, त्यात १९३२ आणि १९३३ दोन्ही वर्षी पहिली ड्रेसलर. ऑगस्ट १९३३मध्ये 'टाइम'च्या मुखपृष्ठावरही होती. मंदीचे दिवस होते, घरोघरी बेकारी, आणि पडद्यावर सुरकुत्या असलेली, मार खाऊन उभी राहणारी बाई दिसली की माणसांना ती आपल्यातली वाटायची, असं मला वाटतं. 'टगबोट अॅनी' बघा, लगेच पटेल.

प्रश्न : ताई, तिचा शेवट कसा झाला?
— एक वाचक, पणजी

उत्तर : कॅन्सरने. डॉक्टरांकडून स्टुडिओप्रमुख लुई मेयरला आधी कळलं आणि त्याने तिला सांगितलंच नाही, कामाचे तास मात्र दिवसाला तीनवर आणून ठेवले. मला हे अजून पचत नाही, स्वतःच्या आजाराची गोष्ट तिला आधी कळायला हवी होती. २८ जुलै १९३४ला सँटा बार्बरात गेली, पासष्ट वर्षांची होती. मृत्युपत्रात बरीचशी मिळकत बहिणीला, आणि वीसेक वर्षं तिची सगळी उस्तवार केलेल्या मेमी या कृष्णवर्णीय कामवालीला ३५ हजार डॉलर, मेमीच्या नवऱ्याला वेगळे १५ हजार.