मानसिक आजार आणि निद्रानाश : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मानसिक आजारावर औषधे घेणाऱ्या वाचकांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या पत्रांत एकच गोंधळ वारंवार दिसतो. निद्रानाशासाठी ‘सीबीटी-आय’ नावाचा वर्तनोपचार असतो हे त्यांनी ऐकलेले असते, पण तो आपल्यासाठी आहे की केवळ ‘बाकी ठणठणीत’ माणसांसाठी, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. खालील उत्तरे दिशा कळावी म्हणून आहेत. ती वाचून कोणीही आपले औषध परस्पर बदलू नये.

प्रश्न : रात्री कॉफी न पिणे, मोबाइल दूर ठेवणे, खोलीत अंधार करणे हे सगळे करून झाले. सीबीटी-आय म्हणजे हेच ना?

नाही. ही झोपेची पथ्ये आहेत, आणि जुना निद्रानाश केवळ पथ्यांनी जात नाही.

प्रश्न : मला नैराश्य आहे. औषधाने मन पुष्कळ सावरले, कामावरही जातो. पण रात्री दोन-दोन तास झोप लागत नाही. सगळे म्हणतात, मुख्य आजार पूर्ण बरा झाला की झोप आपोआप येईल. थांबावे का?

थांबू नका. ‘आपोआप येईल’ या सल्ल्यापायी रुग्णांची वर्षे वाया जातात, म्हणून याचे उत्तर सविस्तर देतो.

निद्रानाश सुरू होतो नैराश्यामुळे, हे बहुधा खरे असते. मात्र काही महिन्यांनी त्याला टिकवून धरणारी कारणे वेगळी असतात. झोप भरून काढण्यासाठी माणूस लवकर अंथरुणावर पडतो, सकाळी उशिरापर्यंत लोळतो, दुपारी डुलकी काढतो आणि रात्री दर अर्ध्या तासाने घड्याळ पाहून उरलेल्या तासांचा हिशेब करतो. नैराश्याच्या रुग्णाला तर दिवस नकोसा झालेला असल्यामुळे अंथरूण हाच आसरा वाटतो. अशा रीतीने अंथरूण आणि जागरण यांची सांगड मनात पक्की बसते. पुढे मन सावरले तरी ही सांगड सुटत नाही, कारण नैराश्याच्या औषधाचे ते कामच नव्हे. म्हणूनच उपचारांनंतर मागे रेंगाळणाऱ्या लक्षणांत निद्रानाश अगदी नेहमी आढळतो, आणि तो तसाच राहिला तर नैराश्य उलटण्याची शक्यता वाढते.

ही केवळ माझी समजूत नाही. मानसिक आजारांच्या निदानासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘डीएसएम’ या अमेरिकन नियमावलीच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने प्राथमिक आणि दुय्यम निद्रानाश हा भेदच काढून टाकला. सोबत दुसरा आजार असला तरी निद्रानाशाचे स्वतंत्र निदान करावे आणि त्याकडे स्वतंत्र लक्ष द्यावे, अशी तिची भूमिका आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये जुन्या निद्रानाशाच्या सर्व प्रौढ रुग्णांसाठी सीबीटी-आय हाच पहिला उपचार म्हणून सुचवला. झोप सुधारली की नैराश्य हमखास जाईल असे मात्र मी म्हणणार नाही. नैराश्यावरचा उपचार चालूच ठेवायचा असतो. आठवड्यातून किमान तीन रात्री आणि किमान तीन महिने हा त्रास होत असेल, तर आपल्या मानसोपचारतज्ज्ञांना पुढच्याच भेटीत स्पष्ट विचारा : माझ्या झोपेवर वेगळा उपचार कधी सुरू करायचा?

प्रश्न : या उपचारात नेमके काय करतात?

आधी एक-दोन आठवडे झोपेची नोंदवही ठेवतात. समजा, एक रुग्ण रात्री साडेनऊला अंथरुणावर पडतो आणि सकाळी साडेसातला उठतो, पण नोंदींतून सरासरी झोप सहाच तासांची निघते. म्हणजे दहा तासांपैकी चार तास तो नुसता जागा असतो. मग उठण्याची वेळ पक्की ठरवून अंथरुणावरचा वेळ त्याच्या प्रत्यक्ष झोपेच्या जवळपास आणतात, उदाहरणार्थ रात्री बारा ते सकाळी साडेसहा. त्यातला साधारण ८५ टक्के किंवा अधिक वेळ झोपेत जाऊ लागला की दर आठवड्याला १५ मिनिटे वाढवतात. झोप येत नसेल तर पडून न राहता उठायचे आणि डोळे जड झाले की परत यायचे, हा दुसरा नियम. ‘आज झोपलो नाही तर उद्याचा दिवस गेलाच’ अशा विचारांची तपासणी हे तिसरे काम. साधारणपणे चार ते आठ भेटी लागतात. सुरुवातीला दिवसा झोप अनावर होऊ शकते. त्या काळात गाडी चालवण्याविषयी उपचारकांशी आधी बोला.

प्रश्न : मला बायपोलर आजार आहे. एका व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे उद्यापासून पाचच तास झोपणार आहे. चालेल का?

अजिबात नाही. बायपोलर आजारात, म्हणजे मन कधी नैराश्यात तर कधी उन्मादात जाते त्या आजारात, झोप तोडल्याने उन्मादाचा झटका येऊ शकतो, आणि असा सरसकट सल्ला देणाऱ्याला तुमचा आजार ठाऊक नसतो. तुमच्यासाठीही हा उपचार आहे, पण तो बेताने वापरतात : अंथरुणावरचा वेळ सहसा साडेसहा तासांखाली नेत नाहीत, आणि भर झोपण्या-उठण्याच्या ठरलेल्या वेळांवर असतो. झोप कमी होऊनही उत्साह वाढत असेल, बोलणे आणि खर्च आवरत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी संपर्क साधा. अपस्माराच्या रुग्णांनीही झोपेची वेळ परस्पर कमी करू नये.

प्रश्न : उपचार सुरू करताना झोपेची गोळी बंद करू का?

स्वतःहून करू नका. बेंझोडायझेपिन गटातील गोळ्या एकाएकी सोडल्यास निद्रानाश उसळून येतो, प्रसंगी फिटही येते. डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात, आणि त्या काळात सीबीटी-आयची मदतच होते.

प्रश्न : ‘सात दिवसांत गाढ झोपेची हमी’ देणारा ऑनलाइन वर्ग घ्यावा का?

घेऊ नका. अभ्यासांत तपासलेले डिजिटल कार्यक्रम आहेत, पण ते हमी विकत नाहीत. तुमचा आजार आणि औषधे न विचारता पैसे घेणाऱ्यापासून दूरच राहा.

प्रश्न : मुलाला स्किझोफ्रेनिया आहे, आवाज ऐकू येतात आणि तो रात्र-रात्र जागतो. त्याला हे झेपेल का?

अनेकांना झेपते, भास किंवा भ्रम असणाऱ्या रुग्णांवरही हा उपचार वापरून पाहिला गेला आहे आणि त्यांची झोप सुधारली आहे. मात्र आधी दोन गोष्टी तपासून घ्या. औषधांमुळे वजन वाढून तो मोठ्याने घोरत असेल, मध्येच श्वास अडकत असेल, तर झोपेत श्वास थांबण्याचा आजार, म्हणजे स्लीप अॅप्निया आहे का ते पाहावे लागेल. पाय स्वस्थ राहत नसतील, तो सारखा येरझारा घालत असेल, तर तो औषधाचा दुष्परिणाम असू शकतो, आणि मग मात्रेचा विचार करावा लागतो. दोन आठवडे झोपेच्या वेळा, घोरणे आणि येरझारा लिहून ठेवा आणि तो कागद घेऊन मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. आवाज त्याला स्वतःला इजा करायला सांगत असतील, तर हे दोन आठवडेही थांबू नका; आजच घेऊन जा.