१० बाय ११ ची खोली, माणसं तीन: सोफा-कम-बेड घ्यावा की भिंतीत दुमडणारा पलंग?

तुम्ही लिहिलंय की वन आरके आहे, बाहेरची खोली १० बाय ११, तुम्ही दोघं आणि सहावीतला मुलगा. खर्च एकदाच करायचाय, तर दोन्हींपैकी काय घ्यावं? माझं ऐकाल तर दोन्ही नको.

सोफा-कम-बेड आम्ही घेतला होता, अगदी हौसेने. दुकानात त्या पोराने एका हाताने असा सर्रकन ओढून दाखवला की आम्ही बघतच राहिलो. घरी आल्यावर कळलं, तो ओढायला पुढे तीन-चार फूट मोकळे लागतात आणि तिथे आमचं टीपॉय. म्हणजे रोज रात्री टीपॉय ओट्याखाली, त्यावरचा पसारा फ्रिजवर, पाठीच्या उशा खुर्चीवर, मग चादर. सकाळी हेच सगळं उलट. पंधरा दिवस उत्साह टिकला. नंतर एकदा जो उघडा राहिला तो राहिलाच. सोफ्याचे पैसे मोजून गादी मिळाली, तीही मधोमध फट असलेली.

तेव्हापासून कुठलीही दुमडती वस्तू बघितली की मी एकच विचारतो: ही उघडण्याआधी किती वस्तू उचलाव्या लागतील? एक-दोन असतील तर चालेल. त्याहून जास्त असतील तर महिन्याभरात ती एक तर कायम उघडी राहते नाही तर कायम बंद.

मी वाढलो लालबागच्या चाळीत. खोली १० बाय १२, माणसं सात. फर्निचर म्हणाल तर एक लोखंडी खाट. खाटेवर आजी, खाली ट्रंका, ट्रंकांच्या पुढ्यात मी नि भाऊ. सकाळी वळकट्या खाटेवर चढल्या, वर चादर टाकली की पाहुण्यांची बैठक तयार. पाट मांडले की जेवणघर, पाट उचलले की अभ्यासाची खोली. वडील गिरणीत होते. रातपाळी करून आले की तिथेच भिंतीकडे तोंड करून झोपायचे आणि आम्ही पाढे ओठांतल्या ओठांत म्हणायचो. जमिनीइतकी सोयीची वस्तू मी अजून पाहिलेली नाही. बिजागरी नाही, चाकं नाहीत, वळकटी उचलली की रिकामी.

म्हणून आधी कागदावर खोलीचा दिवस लिहून काढा. सकाळी सहाला कोण झोपलेलं असतं, डबे कुठे भरले जातात, मुलगा शाळेतून आला की दप्तर कुठे पडतं, रात्री दहानंतर कोणाला दिवा लागतो. ज्या दोन गोष्टी एकाच वेळी होतात, त्यांच्यासाठी एक वस्तू घेऊन भागत नाही. तुम्ही म्हणता रात्री तुम्हाला लॅपटॉपवर काम असतं. मग पलंग होणारं टेबल तुमच्या काय उपयोगाचं?

तुमच्या खोलीत मी काय केलं असतं ते सांगतो. ११ फुटी भिंतीला ३ बाय सव्वासहाचा दिवाण आणि त्याच्या पोटात चाकांवरचा तेवढाच दुसरा, थोडा ठेंगणा. रात्री ओढला की झोपायला सहा फूट रुंदी. खोलीच्या दहातले चार उरले, समोरच्या भिंतीला दोन फूट खोल कपाट, मधे दोन फूट वाट. रात्री उठून जायला पुरते. सुताराला एक गोष्ट बजावून सांगा: खालचा दिवाण गादी, चादर, उशी यांच्यासकट आत सरकला पाहिजे. खालची गादी चार इंचांचीच घ्या. घडी घालावी लागली की कंटाळा आला म्हणून समजा.

दिवाणाखाली मग सामानाची जागा उरत नाही, हे खरं. हायड्रॉलिक बेडचा, म्हणजे गादीसकट वर उचलून पोटात सामान ठेवायच्या पलंगाचा, मोह तिथेच होतो. पण त्यात वर्षातून दोनदा लागणाऱ्या वस्तूच ठेवता येतात आणि पावसाळ्यात आतल्या रजयांना बुरशीचा वास येतो. त्यापेक्षा कपाट छतापर्यंत न्या. वरचा कप्पा म्हणजे आपला जुना पोटमाळाच.

भिंतीत दुमडणाऱ्या पलंगाचा सगळा ओढा वरच्या अँकरवर, म्हणजे भिंतीत बसवलेल्या बोल्टवर येतो. खोल्यांमधली भिंत बऱ्याचदा चार इंची असते, तिच्यावर माझा तरी विश्वास नाही. लॅपटॉपला नि अभ्यासाला फळी मात्र जरूर दुमडती करा: दीड फूट बाय तीन फूट, खाली दोन घडीचे ब्रॅकेट, जमिनीपासून २९ इंचांवर. खुर्ची साधारण १८ इंची असते, वर १०-१२ इंच हवेत. मुलाच्या पायाखाली सध्या एक पाट द्या. फळी दिवाण ओढल्यावरही उघडता येईल अशा जागी लावा. आणि ती बंद राहावी असं वाटत असेल तर तिच्याजवळ एक छोटी भिंतीतली फळी हवीच, नाही तर पुस्तकं तिच्यावरच राहतील.

सुताराला बोलवायच्या आधी हे सगळं खडूने जमिनीवर आखा आणि चार दिवस तसंच वावरा. आमच्याकडे बायको दुसऱ्याच दिवशी चहाचे कप घेऊन थेट 'कपाटातून' चालत गेली. कपाट फूटभर सरकवलं. लाकूड कापल्यावर ते सरकवता आलं नसतं.

ओल धरणारी भिंत असेल तर तिथल्या कामाला बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लाय मागा, बाकीला साधा चालेल. दिवाण नटबोल्टने सुटा होणारा करून घ्या. आमचं पहिलं कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं होतं.

दार आत उघडतं की बाहेर आणि खिडकी कुठल्या भिंतीला आहे, तेवढं कळवा. कपाटाला सरकते दरवाजे लागतील की साधे चालतील, ते त्यावर ठरेल.