प्रवाळाजवळ जागच्या जागी वळता आणि मागे सरकता यावे, यासाठी स्कूबाचे कोणते फिन्स घ्यावेत?

प्रवाळाजवळ फोटो काढताना स्थिर राहता यावे आणि मागे सरकता यावे, यासाठी कोणते फिन्स (पोहताना पायांत घालायची पाती) घ्यावेत आणि दुकानात सुचवलेले स्प्लिट फिन्स, म्हणजे मधोमध चिरलेल्या पात्याचे फिन्स, चालतील का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते या कामासाठी स्प्लिट फिन्स घेऊ नयेत. आखूड, रुंद, कडक आणि अखंड पात्याचे, टाचेकडे उघडे आणि बुटांवर घालायचे फिन्स घ्यावेत.

यामागचे कारण बॅक किकमध्ये, म्हणजे मागे सरकण्यासाठी पाय मारण्याच्या पद्धतीत आहे. मागे सरकताना पाय सरळ लांबवून, घोटे वाकवून आणि पावले बाहेरच्या बाजूला वळवून, पात्याच्या कडेने व वरच्या पृष्ठभागाने पाणी अंगाकडे ओढावे लागते. पाते कडक असले तरच हे पाणी पकडीत येते. स्प्लिट फिनचे दोन्ही भाग अशा वेळी वाकतात आणि मधल्या फटीतून पाणी निसटून जाते. फ्लटर किकने, म्हणजे पाय आळीपाळीने वर-खाली मारत, सरळ पुढे जायला ते सोपे आणि गुडघ्यांना हलके असतात, हे मान्यच आहे. पण फ्लटर किकचा झोत खाली जाऊन तळाचा गाळ उठवतो आणि तारकर्लीसारख्या ठिकाणी, जिथे पाणी मुळातच अनेकदा गढूळ असते, त्यानंतर फोटो काढण्यासारखे फारसे काही उरत नाही. फ्रॉग किकमध्ये, म्हणजे बेडकासारखे दोन्ही पाय एकदम मारताना, पाणी मागे ढकलले जात असल्यामुळे तळ शांत राहतो.

आता वजनाचा मुद्दा, ज्याकडे खरेदीच्या वेळी हमखास दुर्लक्ष होते. १९६० च्या दशकापासून चालत आलेले जेट फिनसारखे जाड रबरी फिन्स वळण्यासाठी उत्तम आहेत, मात्र ते पाण्यात बुडणारे आहेत. थंड पाण्यात ड्रायसूटच्या (पाणी आत येऊ न देणाऱ्या पोशाखाच्या) पायांत हवा चढते, तेथे हे वजन उपयोगी पडते. आपल्याकडच्या उबदार समुद्रात, तीन मिलिमीटर जाडीच्या वेटसूटमध्ये (अंगाला घट्ट बसणाऱ्या रबरी पोशाखात), त्याच वजनाने पाय खाली ओढले जातात, शरीर तिरके होते आणि प्रत्येक किक आपल्याला नकळत वर ढकलू लागते. म्हणून स्विमिंग पूलमध्ये पूर्ण सामानासह आडवे तरंगावे, पाय अजिबात न हलवता थोडा वेळ थांबावे आणि पाय खाली जातात का ते पाहावे. जात असतील तर कमरेला बांधलेल्या डायव्हिंगच्या वजनांपैकी थोडे वजन सिलिंडरच्या वरच्या पट्ट्यावर घ्यावे किंवा सिलिंडर किंचित वर बांधावे. तेवढ्याने भागले नाही, तर त्याच आकाराचे पण हलक्या थर्मोप्लास्टिकचे फिन्स निवडावेत.

माप आपलेच बूट घालून घ्यावे. पाऊल डावी-उजवीकडे वळवताच पातेही त्याच क्षणी वळले पाहिजे; ते मागे रेंगाळत असेल तर फिन सैल आहे. पट्टा स्प्रिंगचा असावा, कारण दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, बुटाचे निओप्रीन (फोमसारखे रबर) दबून पातळ होते आणि साधा पट्टा ढिला पडतो, तर स्प्रिंग ती ढील आपोआप भरून काढते.

गुडघ्यांचा त्रास असल्यास अतिशय कडक पात्याऐवजी मध्यम कडकपणाचे पाते घ्यावे. त्यात मागे सरकण्याचा वेग थोडा कमी मिळतो, पण फोटोग्राफीला तो पुरतो.