बर्फ आणि पाण्याच्या गणितात अंतिम तापमान ऋण का येते?

गणित असे: -10 °से. चा 100 ग्रॅम बर्फ 25 °से. च्या 200 ग्रॅम पाण्यात टाकला. मिश्रणाचे अंतिम तापमान किती? तुमचे उत्तर -11.7 °से. म्हणजे मिश्रण मूळ बर्फाहूनही थंड! आकडेमोड बरोबर आहे, चूक गृहीतकात आहे. सगळा बर्फ वितळतो असे तुम्ही आधीच धरून समीकरण मांडलेत.

समीकरणाआधी हिशोब तपासा. पाणी 0 °से. पर्यंत थंड होताना जास्तीत जास्त 200 × 1 × 25 = 5000 कॅलरी देईल. बर्फाला 0 °से. वर यायलाच 100 × 0.5 × 10 = 500 कॅलरी लागतात आणि पूर्ण वितळायला (ग्रॅममागे 80 कॅलरी) आणखी 100 × 80 = 8000. एवढी उष्णता आहेच कुठे? उरलेल्या 4500 कॅलरींत 4500 ÷ 80 = 56.25 ग्रॅम बर्फ वितळेल. म्हणून अंतिम तापमान 0 °से., पाणी 256.25 ग्रॅम, शिल्लक बर्फ 43.75 ग्रॅम.

बर्फाचा विशिष्ट उष्मा (1 ग्रॅमचे तापमान 1 °से. ने वाढवायला लागणाऱ्या कॅलरी) 0.5 आहे, पाण्यासारखा 1 नाही. इथे बरेच जण घसरतात. दुसरी खोड एककांची: 80 कॅलरी आणि 4.18 ज्यूल एकाच ओळीत आले की उत्तर गेलेच. ज्यूलमध्ये करायचे तर अप्रकट उष्मा (बर्फ वितळायला लागणारी उष्णता, म्हणजे वरच्या 80 च्या जागी) 334 ज्यूल प्रति ग्रॅम घ्या. तापमानातल्या फरकात केल्विनसाठीचे 273 मिळवू नका.

तांब्याचा कॅलरीमापी (पाणी ठेवलेले भांडे) दिला असेल तर त्याची उष्णता पाण्याच्या 5000 मध्ये मिळवायची. 100 ग्रॅम तांब्यामुळे (विशिष्ट उष्मा 0.093) जेमतेम 2.9 ग्रॅम बर्फ जास्त वितळतो.