पत्त्यांचा सल्ला: एक्का-राणी हातात असूनही फेकायची?

प्रश्न: सर, मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो आणि ऑनलाइन पोकरच्या स्पर्धा खेळतो. परवा एका सॅटेलाइटमध्ये आम्ही चौघे उरलो होतो, तिकिटं तीन. चिप्स सगळ्यांकडे जवळपास सारख्याच. एकाने सगळ्या चिप्स लावून ऑल-इन केलं. माझ्याकडे एक्का-राणी, मीही तेवढ्याच लावून कॉल केला. त्याने काय दाखवावं? नव्वी-पंजी! शेवटच्या पानाला पंजी आली आणि मी बाहेर. असल्या अडाण्यांशी खेळायचं तरी कसं?

उत्तर: अहो, अडाणी कसला, तो पक्का मुरलेला निघाला!

आधी इतर वाचकांसाठी. सॅटेलाइट म्हणजे थोड्या पैशांत मोठ्या स्पर्धेचं तिकीट मिळवून देणारी छोटी स्पर्धा. २००३ साली टेनेसीचा अकाउंटंट ख्रिस मनीमेकर अशाच ऑनलाइन सॅटेलाइटमधून लास व्हेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरला पोचला आणि मुख्य स्पर्धा जिंकून २५ लाख डॉलर घेऊन गेला.

आता तुमचा डाव. तिन्ही तिकिटं सारख्याच किमतीची. चिप्सचा ढीग असणाऱ्यालाही एकच, कशीबशी एक चिप उरलेल्यालाही एकच. चौघे बरोबरीत, तिकिटं तीन. म्हणजे पानं फेकून गप्प बसलात तरी तिकिटाची शक्यता ७५ टक्के (ब्लाइंडचा, म्हणजे पाळीपाळीने डावाआधीच लावाव्या लागणाऱ्या चिप्सचा, किरकोळ फरक सोडा). कॉल करून जिंकलात तर तिकीट, हरलात तर शून्य. तेव्हा कॉल परवडायला तुमचा हात शंभरात निदान ७५ वेळा जिंकायला हवा. समोरच्याने पानं न बघताच ऑल-इन केलंय असं धरलं, तरी एक्का-राणी जिंकते ६४-६५ वेळा. बसला हिशेब? त्याच्याकडे नव्वी-पंजी होती की गुलामाची जोडी, याने काही बिघडत नाही. कॉल केलात तिथेच सगळं बिनसलं.

ऑल-इन करणाऱ्याला जिंकायच्या दोन वाटा: सगळे पळाले तरी ब्लाइंड त्याचे, नाहीतर पानं लागली तर डाव त्याचा. कॉल करणाऱ्याला दुसरीच तेवढी. आणि चौघांत तीन तिकिटं असताना शहाणा माणूस पळणारच, यावर तर त्याने डाव लावला होता. त्याचा अंदाज फक्त तुमच्याबाबतीत चुकला!

रमीत पहिल्या फेरीलाच वीस पॉइंट देऊन पॅक करणाऱ्याला कोणी भित्रा म्हणत नाही. पोकरमध्ये मात्र एक्का दिसला की हात शिवशिवतात. चौथ्या भिडूकडे एखाद्या ब्लाइंडपुरत्याच चिप्स उरल्या असत्या, तर मी तुम्हाला एक्क्यांची जोडीसुद्धा फेकायला सांगितली असती. ती कुठल्याही पानांसमोर सरासरी शंभरात ८५ वेळा जिंकते खरी, पण तो बिचारा पुढच्या एक-दोन डावांत आपोआप जाणार आणि तिकीट घरबसल्या मिळणार. मग ती १५ टक्क्यांची जोखीम घ्यायची कशाला?

साध्या रोख बक्षिसांच्या स्पर्धेत एवढं ताणू नका. तिथे पहिल्या नंबरला शेवटच्या बक्षिसाच्या कितीतरी पट मिळतात, त्यामुळे धोका पत्करावाच लागतो.

प्रश्न: मी नाशिकचा. हे शिकायला कुठलं ॲप घेऊ?

उत्तर: पैसे लावायचं कुठलंच नको. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेला कायदा पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालतो, मग खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. फुकट चिप्सवर हातांची क्रमवारी शिकता येईल. डावपेच नाही, कारण गमवायचं काही नसलं की जो तो कॉल करत सुटतो. त्यापेक्षा चार मित्र जमवा, शेंगदाणे वाटा आणि हरणाऱ्याला भांडी घासायला लावा.