रेल्वेचे आरक्षण करण्यापूर्वी गाडीची कोणती माहिती नीट तपासावी?

आपला प्रश्न असा आहे की, मे महिन्यात आई-वडिलांना ठाण्याहून कुडाळला पाठवायचे आहे, आजवर तिकिटे एजंटाकडून काढत होतात, आता प्रथमच स्वतः ऑनलाइन काढणार आहात, तर पैसे भरण्यापूर्वी गाडीबद्दल काय काय पाहून घ्यावे. माझे गाव कुडाळ तालुक्यातच असल्यामुळे या मार्गावर माझे बरेच येणे-जाणे झाले आहे, आणि एकदा चुकीचा फटकाही बसला आहे. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी तारीख पाहा, पण ती एकटी पाहू नका. गाडी सुटण्याची वेळ आणि आपण चढणार ते स्टेशन यांच्यासोबतच ती वाचा. कोकणात रात्री जाणाऱ्या दोन गाड्या आपल्या लोकांच्या नेहमीच्या आहेत. कोकणकन्या एक्सप्रेस छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून २३:०५ ला सुटते आणि तुतारी एक्सप्रेस दादरहून ००:०५ ला. प्रवाशाच्या दृष्टीने दोन्ही 'रात्रीच्याच' गाड्या, दोन्हींसाठी घरून जेवूनच निघायचे. परंतु १२ तारखेच्या रात्री कोकणकन्येने जायचे असेल तर तिकीट १२ तारखेचे लागते आणि त्याच रात्री तुतारीने जायचे असेल तर १३ तारखेचे.

मी आईला घेऊन निघालो होतो तेव्हा हाच घोळ केला. तिकिटावर १२ तारीख होती, म्हणून आम्ही १२ च्या रात्री साडेअकराला सामानासह दादरला पोहोचलो. आरक्षणाच्या यादीत नावे सापडेनात, म्हणून मी तिकीट तपासनिसांना मोबाईल दाखवला. त्यांनी तारखेवर बोट ठेवून शांतपणे सांगितले, "ही गाडी काल रात्रीच गेली." मी ००:०५ ही वेळ पाहिली होती आणि १२ ही तारीखही पाहिली होती, दोन्ही एकत्र वाचल्या नव्हत्या. गाडी सुटून गेल्यावर कन्फर्म तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत, ते गेलेच. पण आईला मध्यरात्री फलाटावरच्या बाकावर बसवून टॅक्सी शोधावी लागली, ते मला अधिक लागले.

चढण्याचे स्टेशन बदलले की तारीखही बदलू शकते, हे तर अनेकांच्या लक्षातच येत नाही. कोकणकन्या ठाण्याला मध्यरात्रीपूर्वी येते, पनवेलला मात्र मध्यरात्र उलटल्यावर. म्हणजे गाडी तीच, रात्र तीच, तरी पनवेलहून शोधताना पुढची तारीख टाकावी लागते. तत्काळ, म्हणजे ऐनवेळचे आरक्षण मात्र गाडी मूळ स्थानकावरून ज्या दिवशी सुटते त्याच्या आदल्या दिवशी उघडते, वातानुकूलित वर्गांसाठी सकाळी १० वाजता आणि स्लीपरसाठी ११ वाजता. म्हणून पनवेलहून १३ तारखेच्या कोकणकन्येचे तत्काळ तिकीट हवे असेल, तर ते आरक्षण ११ तारखेला उघडते. १२ ला सकाळी संगणकापुढे बसणाऱ्याला एक दिवस उशीर झालेला असतो.

नेहमीचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी, प्रवासाचा दिवस न मोजता, सुरू होते; त्याप्रमाणे दिवस मोजून ठेवा, कारण मे महिन्यातल्या गाड्या फार लवकर भरतात.

स्टेशनाच्या बाबतीतही असेच डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. तुम्ही शोधताना एक स्टेशन टाकले तरी यादीत आसपासच्या स्टेशनांवरून सुटणाऱ्या गाड्याही येतात. म्हणून गाडीच्या नावाखाली वेळेजवळ कोणते स्टेशन लिहिले आहे ते प्रत्येक वेळी वाचा. लोकमान्य टिळक टर्मिनस म्हणजे कुर्ला स्टेशन नव्हे; लोकलने जाणाऱ्याला हार्बर मार्गावरचे टिळकनगर त्याहून जवळ पडते. उतरण्याच्या स्टेशनाचेही तसेच. केरळकडे जाणारी प्रत्येक गाडी कुडाळला थांबत नाही, तेव्हा 'कोकण रेल्वेने जाते' एवढ्यावर विसंबू नका, तिचे थांबे उघडून पाहा.

त्यानंतर गाडीचा क्रमांक आणि धावण्याचे वार. जाणाऱ्या आणि येणाऱ्या गाडीचे नाव एकच असते, क्रमांक वेगळा: तुतारी जाताना ११००३ आणि येताना ११००४. क्रमांक शून्याने सुरू होत असेल तर ती विशेष गाडी. ती ठरावीक दिवसच धावते आणि तिचे भाडे बहुधा जास्त असते.

आपला बेत मे महिन्याचा आहे, पण तो गणपतीपर्यंत पुढे गेला तर पावसाळी वेळापत्रक लागू झालेले असेल. पावसात दरडी कोसळण्याच्या धोक्यामुळे कोकण रेल्वेवर गाड्यांचा वेग कमी ठेवतात, त्यामुळे वेळा बदलतात, आणि काही गाड्यांचे दिवसही. मुंबई-मडगाव वंदे भारत एरवी आठवड्यातून सहा दिवस धावते, पावसाळ्यात तीनच दिवस. म्हणून गेल्या खेपेचे तिकीट पाहून या खेपेची वेळ गृहीत धरू नये.

आई-वडिलांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो. ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे, पण खालच्या बर्थचा कोटा आहे. पुरुषाचे वय ६० आणि स्त्रीचे ४५ वा अधिक असावे आणि तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असावेत. आपणही सोबत जाणार असाल तर आपले तिकीट वेगळे काढा. एकाच तिकिटावर तिसरे नाव घातले की हा कोटा मिळत नाही. वयेही ओळखपत्राप्रमाणे अचूक भरा.

ऑनलाइन काढलेले तिकीट चार्ट, म्हणजे प्रवाशांची अंतिम यादी, बनल्यावरही पूर्ण वेटिंगवर राहिले तर ते आपोआप रद्द होऊन पैसे परत येतात, पण त्यावर डब्यात चढता येत नाही. वडीलधाऱ्या माणसांना त्या भरवशावर स्टेशनवर नेऊ नका. ज्या दिवशी निघायचे त्या दिवशी गाडी वेळेवर आहे ना, हे रेल्वेच्या १३९ या चौकशी क्रमांकावर विचारून घ्या.

आता मी तिकीट हाती आले की पैसे भरण्याआधीची सगळी माहिती पुन्हा एकदा त्याच्याशी ताडून पाहतो आणि आईला मोठ्याने वाचून दाखवतो: "तुतारी, दादर, १३ तारीख, शून्य वाजून पाच मिनिटे, म्हणजे आपण १२ ला रात्री जेवून निघायचे." आई लगेच कॅलेंडरवर १२ च्या चौकटीत पेनाने 'दादर, रात्री १०' असे लिहून ठेवते.