ग्वाल्हेरचा मे महिना आणि प्रोसेसरचे ८६ डिग्री

प्रश्न थोडक्यात असा आहे. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या घराची वरची खोली, इंटेलचा आय५-१२४०० प्रोसेसर आणि त्याच्याच डब्यातून आलेला कूलर. लग्नाचा व्हिडिओ एक्सपोर्टला लावला की तापमान ८६ डिग्रीवर जातं, आणि नुसतं मशीन चालू असलं तरी ५२. दुकानदाराने सांगितलं, प्रोसेसर जळेल, लिक्विड कूलर (पाइपांतून द्रव फिरवून प्रोसेसर थंड करणारा) बसवून घ्या.

प्रोसेसर जळणार नाही. लिक्विड कूलरचे पैसे तूर्त खिशातच ठेवा.

खोलीत त्या वेळी किती तापमान होतं, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण बहुतेक जण तेच लिहीत नाहीत. ४१ डिग्री. वर दगडी पटियांचं छत असलं की मे महिन्यात रात्री दहालाही खोली निवत नाही, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. आता ८६ मधून ४१ वजा करा, उरले ४५. तुमचा कूलर पूर्ण कामाच्या वेळी प्रोसेसरला खोलीपेक्षा ४५ डिग्री वर ठेवतोय, आणि डब्यातल्या छोट्या कूलरकडून याहून जास्त अपेक्षा करू नये. हेच मशीन, हाच व्हिडिओ जानेवारीत १५ डिग्रीच्या खोलीत लावलात तर आकडा साठच्या आसपास दिसेल. मशीन तेच, बदलला तो फक्त ऋतू. तुमचे नुसते असतानाचे ५२ म्हणजे खोलीपेक्षा ११ वर, त्यातही वावगं काही नाही. हवेवर चालणारा कोणताही कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. लिक्विड कूलरचा द्रव जिथे निवतो त्या रेडिएटरवरूनही तीच ४१ डिग्रीची हवा जाते.

इंटरनेटवर 'सत्तरच्या वर गेलं की धोका' असे तक्ते फिरत असतात. ते कोणत्या प्रोसेसरसाठी आणि कोणत्या खोलीसाठी, याचा त्यात पत्ता नसतो, म्हणून मी ते मानत नाही. प्रत्येक प्रोसेसरची मर्यादा कंपनीने ठरवून दिलेली असते. तुमच्या १२४०० ची १०० डिग्री आहे. एएमडी कंपनीच्या रायझेन ५६००एक्सची ९५, तर ७८००एक्स३डी ची ८९. रायझेन ७६००एक्ससारखे प्रोसेसर तर पूर्ण ताकदीने चालताना ९५ पर्यंत जावेत असेच बनवलेले आहेत, त्यांच्याकडे पाहून घाबरायचं कारण नाही. मर्यादा गाठली की प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो, आणि तरीही तापमान चढतच राहिलं तर मशीन सरळ बंद करतो.

म्हणून खरं पाहायचं ते हे, की उष्णतेमुळे वेग कमी होतोय का. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा, सेन्सर्सच्या खिडकीत 'थर्मल थ्रॉटलिंग'च्या (उष्णतेमुळे वेग कमी होण्याच्या) ओळी शोधा आणि एक्सपोर्ट निदान वीस मिनिटं चालू द्या. त्या ओळींत 'नो' राहिलं तर तुमचं काम उष्णतेमुळे अडलेलं नाही. इथे एक गोष्ट लोक हमखास चुकीची वाचतात. एक्सपोर्ट सुरू झाल्यावर अर्ध्या मिनिटात वेग जरा खाली आला आणि त्याबरोबर तापमानही उतरलं, तर ती उष्णतेची तक्रार नव्हे. मदरबोर्डने प्रोसेसरला विजेची मर्यादा घातलेली असते, १२४०० साठी दीर्घकाळाची ६५ वॉट, ती लागू झाली एवढंच. उष्णतेने वेग पडतो तेव्हा तापमान शंभराला टेकून तिथेच बसतं.

बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यावर, दिसणारं तापमानही प्रमाण मानू नका. तिथे प्रोसेसर पूर्ण विश्रांतीत जात नाही, त्यामुळे विंडोजपेक्षा आकडा जास्त दिसतो.

काळजी कधी करायची? काम सुरू करताच चार-पाच सेकंदांत तापमान ९८-१०० वर उडी मारत असेल तेव्हा. अशा वेळी हीटसिंकला, म्हणजे कूलरच्या पंख्याखालच्या धातूच्या पात्यांच्या ठोकळ्याला, कडेने बोट लावून बघा, पंख्यापासून हात जपून. सॉफ्टवेअर शंभर दाखवतंय आणि हीटसिंक जेमतेम कोमट, तर उष्णता प्रोसेसरमधून हीटसिंकमध्ये पोहोचतच नाहीये. इंटेलच्या डब्यातल्या कूलरला चार पुश-पिन (दाबून बोर्डात बसवायच्या खुंट्या) असतात, त्यातली एखादी अर्धवट बसलेली असते. बोर्डाच्या मागच्या बाजूने पाहिलं की कळतं, चारही पिनांची टोकं सारखी बाहेर आलेली दिसली पाहिजेत. पिना ठीक असतील तर प्रोसेसर आणि हीटसिंकमधली उष्णता वाहणारी पेस्ट वाळलेली असेल, किंवा वेगळा कूलर घेतला असेल तर त्याच्या तळाचं प्लॅस्टिक काढायचं राहिलं असेल. उलट हीटसिंकही चटका देण्याइतका गरम असेल, तर उष्णता तिथवर आली आहे, पण हवा ती घेऊन जात नाहीये. मग धूळ आणि कॅबिनेटकडे बघायचं.

आपल्याकडच्या लूबरोबर येणारी बारीक धूळ पंखा आणि हीटसिंकच्या मध्ये गोधडीसारखा थर धरते. वरून पंखा स्वच्छ दिसतो, थर त्याच्या खाली असतो. प्लग काढून, पंखा बोटाने धरून, मऊ ब्रशने तो काढा.

तुम्ही लिहिलंय की कॅबिनेट लाकडी कॉम्प्युटर टेबलाच्या कप्प्यात आहे. मला सगळ्यात जास्त तेच खटकलं. मागून निघालेली गरम हवा कप्प्यात अडकते आणि पुढून परत आत ओढली जाते, म्हणजे तुमची खोली ४१ असली तरी कॅबिनेटची 'खोली' पंचेचाळीसच्याही वर असू शकते. कॅबिनेट बाहेर काढून जमिनीपासून वीतभर उंच ठेवा, मागे भिंतीपासून अंतर सोडा आणि तोच व्हिडिओ पुन्हा लावा. मग बाजूचं झाकण काढून आणखी एकदा. झाकण काढल्याने सात-आठ डिग्री फरक पडला तर कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाहीये, आणि मागच्या बाजूला १२० मिलिमीटरचा एक पंखा लावला की काम भागेल.

खोलीतला पाण्याचा कूलर चालू असेल तर आकडा खाली येईलच, कारण खोली निवते. पण झाकण उघडं टाकून त्याचा झोत मशीनवर सोडू नका. ओलसर हवेत धूळ चिकट होऊन बोर्डावर बसते, आणि जाळीतून पाण्याचे थेंब उडाले तर मदरबोर्डच जाईल.

कॅबिनेट बाहेर काढल्यावर तीन आकडे इथे टाका: पुढच्या जाळीजवळ ठेवलेल्या साध्या थर्मामीटरवरचं तापमान, वीस मिनिटांच्या एक्सपोर्टनंतरचं प्रोसेसरचं तापमान, आणि थ्रॉटलिंगच्या ओळीत 'येस' आलं की 'नो'. प्रोसेसर आणि थर्मामीटरच्या आकड्यांतला फरक पंचावन्नच्या वर निघाला तर पेस्ट बदलून बघू.